वाकळीखालचे पाळणे

आमच्या घरात उघडं असं काही राहत नसे. टीव्हीला झालर, मिक्सरला टोपडं, फोनवर विणलेला रुमाल. कसबा बावड्यात ऊस तुटला की रानात पाचट पेटवतात आणि त्याची काजळी उडत थेट स्वयंपाकघरात येते. वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर ती बसली आणि कुणी झटकायला गेलं, की साडी गेलीच. त्यामुळे झाकणं हा माझा स्वभावच झाला होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा गर्वही होता.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. भावानं पुण्याहून येऊन माझ्या लॅपटॉपमध्ये नव्या प्रकारची डिस्क बसवून दिली, एसएसडी. आत फिरणारी चकती नाही, हातातून पडली तरी बिघडत नाही, असं तो म्हणाला. आईचे सगळे पाळणे, म्हणजे बारशाला म्हणायची गाणी, मी रेकॉर्डरवर टिपून ठेवली होती; ती त्या डिस्कवर चढवली आणि रेकॉर्डर कोरा करून शाळेला देऊन टाकला. एवढी मी शहाणी.

आई आमच्या विहाराच्या आसपासच्या प्रत्येक बारशाला पाळणा म्हणायची. आधी भीमाचा, मग त्या घरच्या बाळाचा, आणि त्यात बाळाच्या आत्याला हमखास चिमटे. पुढे गळ्याचं ऑपरेशन झालं, तिचा आवाज गेला आणि नुसती कुजबुज राहिली. माझ्या लेकीला मुलगी झाली तेव्हा ठरलं, बारशाला आईचा आवाज लॅपटॉपवर लावायचा. बारसं रविवारी होतं.

त्या आठवड्यात आई रोज दुपारी पाळणे ऐकत बसे, कुठला लावायचा ते ठरवायला. लॅपटॉपच्या जाळीत काजळी जाईल म्हणून मी आईच्याच जुन्या लुगड्यांची वाकळ त्याच्याखाली अंथरली आणि तिचंच टोक वरून पांघरलं. आवाज तर छान येत होता. बुधवारी गाणं मध्येच थांबलं. पुन्हा चालू केलं, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ आली, की डिस्क सापडत नाही.

आईनं मानेनंच विचारलं, काय झालं. मी म्हटलं, "लाईट गेली." आई डोक्यावर गरगरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिली.

राजारामपुरीत एका क्लासच्या जिन्याखाली कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. घाईत लॅपटॉप बंद न करताच मी तिथं नेला. दुकानदारानं लॅपटॉपच्या पोटाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"मॅडम, कशात ठिवला हुता ह्यो?"

मी सांगितलं.

"वाकळंत? बाळंतीण हाय व्हय ती?"

एरवी मी त्याला सुनावलं असतं. त्या दिवशी खाली मान घालून ऐकून घेतलं. त्यानं समजावून सांगितलं ते असं. डिस्कमध्ये एक चिप असते, कंट्रोलर. कुठली वस्तू कुठं ठेवलीय हे तिलाच ठाऊक. तिच्यातला प्रोग्रामच कच्चा होता, त्यात मी तिला तापवली, आणि आता ती हाकेला ओ देत नव्हती. कंपनीनं सुधारलेला प्रोग्राम दिला होता, पण तो भरला की आतलं सगळं पुसलं जाणार होतं.

"मग नको," मी म्हणाले.

"आदी गाणी भाईर काडूया की. मग बगू."

त्यानं डिस्क बाहेर काढली, चिप आपली आपण सावरेल म्हणून तिला नुसती वीज जोडली आणि टेबलफॅनसमोर ठेवून दिली. मी समोरच्या कॅलेंडरवरचा रविवार बघत बसले. आईचा आवाज डॉक्टरांनी एकदा काढून घेतला होता, दुसऱ्यांदा तो मी घालवला, हेच डोक्यात फिरत होतं. अर्ध्या तासानं त्यानं दुसरी वायर जोडली. डिस्क दिसली. मग चार गाणी उतरवायची, बोट लावून बघायचं, गरम लागली की बंद करून पंख्यासमोर ठेवायची. मध्ये दोनदा चहा झाला. संध्याकाळच्या बॅचची मुलं जिना चढू लागली तेव्हा शेवटचा पाळणा उतरला. त्यानं दोन सीड्या करून हातात दिल्या आणि मी दुकानातच रडले.

"आता कशाला रडतायसा? आली न्हवं सगळी?"

सगळी आली होती. नवा प्रोग्राम भरल्यावर डिस्कही सुधारली.

घरी आले तर आई दारातच उभी. माझ्या तोंडाकडे बघून कुजबुजली, "आली व्हय लाईट?" मी तिच्या गळ्यात पडले आणि खरं काय ते सगळं सांगून टाकलं.

रविवारी लॅपटॉप लाकडी पाटावर उघडा ठेवला होता. वाकळ पाळण्यात गेली, बाळाखाली. आईचा आवाज घरभर झाला आणि चिमटा ऐकून बाळाची आत्या लाजली. आई पाळण्याची दोरी ओढत नुसते ओठ हलवत होती. तेवढ्यात काजळीचा एक तुकडा तरंगत आला आणि लॅपटॉपवर बसला. माझा हात आपोआप रुमालाकडे गेला. आईनं दोरी न सोडता दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं.

"झाकू नगं," आपल्याच जुन्या आवाजाकडे कान देत ती कुजबुजली. "गाऊ दे की तिला."