मेल्यावरचा वन्समोअर: हैदराबाद, रेन्झो आणि माझा गळा

हैदराबादला लोक बिर्याणी खायला जातात. मी गळा घेऊन गेले होते, आणि येताना तो बरोबर असावा एवढीच इच्छा होती.

त्याचं असं झालं. अनिरुद्ध हा माझा कॉलेजातला मित्र. आता हैदराबादला आयटीत आहे आणि सुट्टीच्या दिवशी गिटार बडवतो. त्याचा फोन आला की तिथल्या मराठी मंडळात तो रेन्झोची 'मिठाची मुलगी' मराठीतून करतोय, नायिका करणाऱ्या बाईंच्या नवऱ्याची अचानक बदली झाली आणि प्रयोग पुढच्या रविवारी आहे. "मुक्ता, ह्या चाली तुला झोपेतही येतात," तो म्हणाला. ते खरं होतं. पण दीड वर्षापूर्वी माझ्या स्वरतंतूंवरची गाठ काढली, तेव्हापासून मी रंगमंचावर गेले नव्हते. गा, पण ताण देऊ नका, पुन्हा सूज आली तर अवघड होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी मुलांना गाणं शिकवून पोट भरते. आवाज गेला तर शिकवण्याही गेल्या. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "येते" असं बाहेर पडलं.

रेन्झो कोण, असं विचारणाऱ्यांसाठी थोडं थांबते. इटलीतल्या एका बंदरगावात चर्चचा ऑर्गन वाजवणारा हा मुलगा पुढे रॉक बँडमध्ये शिरला आणि रॉक ऑपेरा लिहू लागला. म्हणजे आपल्या संगीत नाटकातलं गद्य काढून टाका आणि पेटी-तबल्याच्या जागी गिटार-ड्रम ठेवा. पहिली रेकॉर्ड गाजली. दुसरीसाठी त्याने भलामोठा वाद्यवृंद बसवला आणि ती सपशेल आपटली. कंपनीने दार बंद केलं, मग बरीच वर्षं तो साबणाच्या जाहिरातींना चाली देत होता. 'मिठाची मुलगी' त्यानंतरची. तिची दोन ध्वनिमुद्रणं आहेत. पहिल्यात एक दणदणीत आवाजाची गायिका मिठागरात मरताना शेवटचा स्वर असा काही वर नेते की अंगावर काटा येतो. दुसरं रेन्झोच्या म्हातारपणीचं, एका छोट्या थिएटरातलं. गायिका आजारी पडली म्हणून मरणाचं गाणं तो स्वतःच गायला, एकदम खालच्या पट्टीत, अर्धं बोलून. अनिरुद्ध त्यावर जीव टाकतो. मी ते कधी पुरतं ऐकलं नव्हतं.

पुण्याहून रात्रीची गाडी सोयीची. एसीचा वारा थेट गळ्यावर येतो, म्हणून मी वरचा बर्थ सोडून खालचा मागून घेतला आणि मफलर गुंडाळून पडले. सहप्रवाशांना मी आजारी वाटले असणार. सकाळी सिकंदराबादला उतरून मेट्रोने नारायणगुडा आणि तिथून रिक्षाने काचीगुडा, हा मार्ग स्वस्त आणि बिनधुराचा. रिक्षा मात्र ॲपवरूनच करा, नाहीतर घासाघीस करण्यात आवाज खर्च होतो.

मुक्काम सुधाताईंकडे होता. निवृत्त शिक्षिका, काचीगुड्यात तीन पिढ्या, मंडळाच्या आधारस्तंभ. घरात पुरणपोळी आणि बगारा बैंगन, म्हणजे दाण्या-तिळातली वांगी, सारख्याच हक्काने होतात. मला मात्र दोन्ही बंद. माझ्या गाठीची गोष्ट ऐकल्यावर त्यांनी ज्येष्ठमधाचा काढा सुरू केला आणि मिरच्यांची बरणी कपाटात टाकली. "कायको इतकी परेशान होतेस? माझ्या घरातून कुणी बसक्या गळ्याने गेलं नाही," त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं. पण लगेच त्या अभिमानाने म्हणाल्या, "आणि आमचं पब्लिक दर्दी हां. चांगल्या पदाला वन्समोअर घेतल्याशिवाय सोडत नाही."

नायिका शेवटी गाता गाता मरते, मेल्यावर कसला वन्समोअर, असं मी विचारलं. सुधाताईंना प्रश्नच कळला नाही. त्यांच्या लहानपणी संगीत नाटकांत मेलेले नायक उठून, पद पुन्हा गाऊन, परत मरायचे म्हणे. वन्समोअर न देणारा नट म्हणजे पानावरून उठून गेलेला पाहुणा.

तालमी दिलसुखनगरला एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये होत्या. गौलीगुड्यापर्यंत रिक्षा करून पुढे मेट्रो घेतली की पोहोचता येतं. खाली चहा फार छान मिळतो आणि बरोबरची खारट-गोड बिस्किटंही, असं सगळे सांगत होते. मी गरम पाणी पीत होते. फळ्यावर रसायनशास्त्राची समीकरणं आणि त्यांच्यासमोर मी मरत होते, रोज, शेवटचा स्वर न लावता. अनिरुद्ध म्हणाला की एकदा तरी लावून बघ. मी नाही म्हटलं. माझ्याकडे तो एकदाचाच आहे असं मला वाटत होतं, आणि एक असला तर तो तालमीत कशाला घालवायचा?

शनिवारी मी मौन पाळलं. चारमिनारला जाऊन आले, तेही मोबाईलवर पत्ता लिहून दाखवत. रिक्षावाल्याला वाटलं मला ऐकूच येत नाही. तो वळून वळून ओरडून सांगत होता, "बाजी, आगे बहोत भीड है, पर्स संभालो." बाजी म्हणजे ताई. मी मान डोलावत होते. चारमिनार सुंदर आहे. खरं सांगायचं तर मला त्याच्यातलं काही आठवत नाही, शेजारच्या लाडबाजारातही मी आवंढे गिळून गळा दुखतोय का ते बघत होते.

रविवारी संध्याकाळी गौलीगुड्याच्या बाजूचा जुना हॉल गच्च भरला. पुढे जुनी घराणी, मागे आयटीतली पुण्या-मुंबईची मंडळी, कडेला मराठी वाचता न येणारी पण गिटारसाठी आलेली त्यांची मुलं. अनिरुद्धने माझी काळजी म्हणून एक शहाणपणा केला. पडदा उघडण्याआधी त्याने जाहीर केलं की कृपया वन्समोअर मागू नये. तोवर जे विसरले असतील त्यांनाही आठवण झाली.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझा तिसऱ्या रांगेत बसला होता. मरणाचं गाणं सुरू झालं तेव्हा मला शब्द आठवत होते, बाकी काही नाही. शेवटचा स्वर आला. मी डोळे मिटले आणि लावला. तो लागला, चिरला नाही, आणि मी मिठाच्या ढिगावर, म्हणजे पांढऱ्या चादरीवर, कोसळले. गळ्यात कुणी खडा फिरवल्यासारखी जळजळ होत होती. झालं एकदाचं, असं मनात म्हणतेय तोच शांततेत तिसऱ्या रांगेतून एक स्पष्ट, ओळखीचा आवाज आला.

"वन्समोअर."

सुधाताई होत्या.

मग अख्खा हॉल उठला. मी मेलेली पडून होते आणि विचार करत होते की उठले तर आवाज जाईल, नाही उठले तर या माणसांनी उभं राहून मागितलेलं नाकारेन. इतकी भीती मला ऑपरेशनच्या टेबलवरही वाटली नव्हती. शेवटी मी उठून बसले. अनिरुद्ध गिटार धरून माझ्याकडे बघत होता. मी त्याला हाताने खाली, अजून खाली, अशी खूण केली. त्याला कळलं. ड्रम थांबले, एकटी गिटार राहिली आणि मी म्हाताऱ्या रेन्झोसारखी गायले, बसल्या जागी, बोलल्यासारखी. शेवटचा स्वर होता तिथे नुसता श्वास सोडला आणि पुन्हा आडवी झाले.

टाळ्या बऱ्याच उशिरा आल्या. आत सुधाताई धावत आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "तोंडातून निघून गेलं गं. इतकं आवडलं की तुझा गळा ध्यानातच राहिला नाही," त्या म्हणाल्या. रागवायला हवं होतं. पण बोलायचीच भीती वाटत होती, म्हणून मी त्यांचा हात धरून बसले.

परतीच्या गाडीत आणि पुढचे काही दिवस घरीही मी तोंड उघडलं नाही. डॉक्टरांनी मेसेजवर तेच सांगितलं होतं. वर्गाला सुट्टी दिली. हैदराबादला जाणाऱ्यांनी काय बघावं हे मला विचारू नका, जाऊन सुधाताईंसारख्या कुणाकडे तरी जेवा.

त्या गप्प दिवसांत मी रेन्झोचं दुसरं ध्वनिमुद्रण शेवटपर्यंत ऐकलं. गाणं संपतं, टाळ्या होतात, आणि त्यातून लोक ओरडायला लागतात. इटालियन मला येत नाही, पण ते काय मागतायत हे कळायला भाषा लागत नाही. मग टाळ्या थांबतात आणि माईकजवळ एक म्हातारा श्वास ऐकू येतो. तो घाबरलाय. ते मी आता कुठेही ओळखेन. ध्वनिमुद्रण तिथेच संपतं, तो पुढे गायला की नाही ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तानपुरा लावला. तोंड उघडायचा धीर होईना, म्हणून चारही तारा पुन्हा जुळवल्या. मग खालचा सा लावला. जरा खरखरीत होता. मी पुन्हा लावला.