तक्रार घेऊन पोशीरला

ऑनलाइन वर्गात फजिती करून घेण्याचा मान कुणाला द्यायचाच झाला, तर आमच्या कॉलेजातल्या अर्थशास्त्राच्या सरांना डोळे मिटून द्यावा. नोकरी करणाऱ्या मुलांसाठी दर रविवारी आमचे तास मोबाइलवर होतात. मी इतिहास शिकवतो तो वर शर्ट आणि खाली लुंगी अशा थाटात. सर मात्र दहिवलीच्या घरात पॉलिश केलेले बूट घालून लॅपटॉपपुढे उभे राहतात. पलीकडे पोरं रसायनीच्या कारखान्यांत रात्रपाळी करून अंथरुणात पडलेली, कॅमेरे बंद. कोणी मधेच गाणं लावतं. एकदा एक पठ्ठ्या सरांचंच नाव लावून आत शिरला आणि सरांनाच ‘गप बसा’ म्हणाला. सर ‘माफ करा’ म्हणून खरंच गप्प बसले.

बाकीचे आम्ही असल्या पोराला वर्गातून काढून टाकतो. सर सुट्टीच्या दिवशी स्कूटरवरून थेट त्याच्या घरी जातात, ओटीवर चहा पितात, भातशेतीची चौकशी करतात आणि तक्रारीचा शब्द न काढता उठतात. “घरचा चहा पाजला की पोरगं पुन्हा उलटून बोलत नाही,” असं त्यांचं म्हणणं. आणि गंमत म्हणजे, नाहीच बोलत.

पण पोशीरच्या एका मुलीनं हद्द केली. भर तासात तिनं विचारलं, “सर, घरात तरी कोण ऐकतं का हो तुमचं?” सगळे फिदीफिदी हसले. सरांची बायको गेल्या वर्षीच वारली, हे तिला कुठलं ठाऊक असणार. सरांनी तास तिथेच संपवला आणि मला फोन केला, “या वेळी बापाला सांगायचंच. तुम्हीही चला.”

आम्हाला दारात पाहून बापाचा चेहराच उतरला. “काय वाकडं वागली का, सर? तसं असंल तर आजच कॉलेज बंद. पाहुणे बघून गेलेत, त्यांना हां म्हणून टाकतो.” मुलगी दाराआड पांढरीफटक पडली होती.

सरांनी रुमालानं मान पुसली. “छे हो. प्रश्न विचारते. अख्ख्या वर्गात ती एकटीच विचारते. शिकू द्या तिला.”

तिनं आणलेल्या चहात साखर नव्हती. सरांनी तो शेवटपर्यंत प्यायला.

परतताना मी वैतागून म्हटलं, “मग मला कशाला आणलंत? तक्रार तर केलीच नाहीत!”

“अहो, ती बोलली तेव्हा कळलं, पलीकडे कोणीतरी ऐकतंय,” सर म्हणाले. “घरी ऐकणारी तर गेली.”

त्या संध्याकाळी मी माझ्या घरी गेलोच नाही, सरांबरोबर दहिवलीला गेलो. पुढच्या रविवारी ते घेणार होते तो महागाईवरचा अख्खा तास मी आधीच त्यांच्यासमोर बसून ऐकला.