तक्तपोशीच्या वरची ऊब

हातून फसलेल्या कामांनी धर्मपालचं कधी फारसं बिघडलं नाही. बिघडलं ते एका नीट झालेल्या कामानं.

तो मूळचा भातकुलीकडचा. सुतारकाम अकोल्यात शिकला आणि तिथंच इंदूबाईशी त्याचं लग्न झालं. इंदूबाई जिनिंगमध्ये कामाला जायची. बारा वर्षं तिनं उडत्या रुईत काढली. तेराव्या वर्षी तिला दम लागू लागला. आधी जिन्यावर, मग सपाटीवर, मग नुसतं बसल्या जागी. डॉक्टर म्हणाले, बाईला या हवेतून हलवा, आणि हलवलं तिथं थंडीपासून जपा. असं ऐकून माणसं मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी बायकोला पुन्हा कामावर धाडतात. धर्मपालनं तसं केलं नाही. चिखलदऱ्याला अमरावतीच्या एका वकीलसाहेबांच्या जुन्या बंगल्यावर राखणदार हवा होता. तो पगार न विचारता वर निघून गेला.

बंगला इंग्रजाच्या काळातला. दगडी भिंती, वर उतरते पत्रे, आत खोल्यांना सागवानी फळ्यांची तक्तपोशी, आणि तक्तपोशी व पत्रे यांच्यामध्ये माणूस वाकून चालेल एवढा पोटमाळा. स्वयंपाकघराच्या मागं, त्याच छपराखाली, राखणदाराची खोली. तिला मात्र तक्तपोशी नव्हती. साहेबानं नोकराच्या डोक्यावर सागवान कशाला घालावं? खोलीची भिंत बंगल्याच्या तक्तपोशीइतकीच उंच जाऊन थांबलेली, आणि तिच्यावरून पोटमाळ्याचा काळोख थेट खोलीत उतरलेला. पहिल्या दिवशी तो काळोख पाहून इंदूबाई म्हणाली, "हे तं बोगद्याच्या तोंडाशी संसार मांडल्यासारखं झालं."

पण ती खोली तिला मानवली. चिखलदऱ्याच्या थंडीत पहाटे गवतावर पांढरं धरतं, नळाचं पाणी दात हलवतं. वकीलसाहेब दिवाळीपासून होळीपर्यंत शेकोटीच्या कट्ट्यापाशी बसून असत, धुराडं विझत नसे. आणि मागच्या खोलीत इंदूबाई एका गोधडीवर हिवाळा काढी. छाती कधी वाजली नाही असं नाही, पण अंथरूण धरायची वेळ आली नाही. "मले हे जागा धार्जिणी हाय," ती म्हणायची. धर्मपालला वाटायचं, दगडी भिंतीचा गुण. बावीस हिवाळे कोणीच याहून अधिक विचार केला नाही. जे मिळत असतं त्याचा उगम कोण शोधतं?

वकीलसाहेब गेले. मुलांनी बंगला विकला. घेणारी शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या व्यापाऱ्याची मुलगी, प्रणाली. सहा वर्षं कॅनडात राहून आलेली. तिला इथं पाहुण्यांसाठी खोल्या चालवायच्या होत्या, हिवाळ्यातसुद्धा. बोलायला गोड. राखणदाराला 'काका' म्हणायची, इंदूबाईच्या औषधाची चौकशी करायची. पहिल्या थंडीत ती स्वतः बंगल्यात राहिली, दोन-दोन हीटर लावून कुडकुडली, आणि एका सकाळी शाल गुंडाळून मागच्या दाराशी आली.

"काका, या घराला टोपी नाही," ती म्हणाली. "मी जाळते ते सगळं वर जातंय. तिकडे जुनं घर घेतलं की लोक आधी पोटमाळा बघतात. रंग नंतर."

"वर तं घुबडं असतात ताई. अन् उंदरं."

"आणि माझी सगळी ऊब असते. आधी फटी बंद करायच्या, मग वर जाड गादी अंथरायची. उलटं केलं तर गादी फुकट जाते. जमेल तुम्हाला?"

लाकडाचं काम जमेल का, असं धर्मपालला बावीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. बंगल्यावर आल्यापासून तो गवत कापत होता, फाटक उघडत होता. बिजागरी निसटली तर बसवायचा, तेवढीच सुतारकी. "पायतो," तो म्हणाला, पण त्याच दुपारी त्यानं पेटीतली पटाशी काढून दगडावर घासली.

पुढच्या नोव्हेंबरात परतवाड्याहून माल आला. खनिज लोकरीच्या गाद्यांच्या गुंडाळ्या आणि फटीत मारायच्या फेसाच्या बाटल्या. पंधरा दिवस धर्मपाल वर होता. तोंडाला उपरणं, हातांत मोजे, तरी ती लोकर अंगाला चावायची. इंदूबाई त्याची पाठ खोबरेल तेलानं चोळायची आणि म्हणायची, "वकीलसायबाच्या घुबडायची हाय लागली तुमाले."

"हसून राहिली काय? वर येऊन पाय एकदा. असं काम अकोल्यात कोनी केलं नसंल."

खरंच तसं केलं होतं. फळी-फळीमधल्या फटी, विजेच्या तारा वर येतात ती भोकं, भिंत आणि तुळई यांमधली बोटभर जागा. धुराड्याभोवती फेस चालत नाही, जळतो, म्हणून तिथं पत्र्याची पट्टी कापून बसवली. वळचणीखालची हवेची वाट मात्र प्रणालीनं मोकळी ठेवायला सांगितली होती, नाहीतर लाकूड सडतं. तीही त्यानं ठेवली. फट कुठं राहिली हे डोळ्यांना कळेना, तेव्हा त्यानं इंदूबाईच्या बुद्धमूर्तीपुढची उदबत्ती मागून नेली. खाली कट्ट्यात विस्तव पेटवायला सांगायचा आणि वर तक्तपोशीलगत उदबत्ती धरायची. धूर थरथरला की तिथं फट. प्रणाली खालून पाहत होती. "काका, तिकडे यासाठी हजारोंची मशीन आणतात," ती म्हणाली. धर्मपालला ते दिवसभर पुरलं.

शेवटच्या दिवशी त्यानं एक गोष्ट पाहिली. पोटमाळ्यात मध्यावर धरलेला धूर सरळ वर जात नव्हता. तो सावकाश मागं कलत होता, त्याच्या खोलीकडं. स्वयंपाकघराच्या वर दोन रुंद फटी राहिल्या होत्या, तिथून वर आलेली गरम हवा त्या बाजूनं निघाली होती. त्यानं त्या दोन्ही फटी हात लावून पाहिल्या, कोमट होत्या. इथंच चोरी होती तर, असं त्याच्या मनात आलं. बाटली उलटी धरून त्यानं त्या बुजवल्या, वर गादी दाबून बसवली. धूर सरळ झाला. पंधरा दिवसांत इतकं समाधान त्याला कशानंच वाटलं नव्हतं.

चार दिवसांनी सकाळी इंदूबाई उठून बसली ती भिंतीला टेकूनच. खांदे वरखाली होत होते. माठाला हात लावून तिनं तो झटकन मागं घेतला. "यंदा थंडी लवकर आली काय हो?"

थंडी वेळेवरच आली होती. बंगल्यात प्रणाली पातळ सदऱ्यावर वावरत होती, दोनातला एक हीटर तिनं उचलून ठेवला होता. आठवड्यात इंदूबाईचा दम्याच्या औषधाचा फवारा दिवसातून दोनदाचा सहादा झाला. धर्मपालनं खिडकीला पोतं ठोकलं, दाराखाली चिंध्या कोंबल्या. सगळ्या फटी बुजवून झाल्यावर तो खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि त्यानं वर पाहिलं.

शिडी लावून तो भिंतीच्या कडेपर्यंत चढला. पोटमाळ्यात हात घातला. पूर्वी तिथून अंगावर येणारा तो हलका, धुरकट उबारा आता नव्हता. पत्र्याखालची हवा बाहेरच्या हवेसारखीच होती. त्यानं दुसरा हातही आत घालून पाहिला.

"काय हाय वर?" इंदूबाईनं खालून विचारलं.

"काई नाई."

"नाई तं उतरा ना. काहून वानरासारखे लटकून राहिले?"

उतरल्यावर त्यानं सांगितलं. की बावीस वर्षं आपल्याला दगडी भिंतीनं राखलं नव्हतं. वकीलसाहेबाच्या शेकोटीची गळती राखत होती. खालून वर जायची, वरून आपल्याकडं यायची. ती आपण बंद केली.

इंदूबाई ऐकत राहिली. तिला बोलायला दोन श्वास जमवावे लागले. "तुमाले कोनं सांगतलं होतं इतकं चांगलं काम कराले?"

ती हे टोमण्यानं म्हणाली नाही. म्हणूनच त्याला ते लागलं.

प्रणालीपुढं तो दोन दिवस शब्द जुळवून गेला. उरलेल्या चार गाद्या होत्या, खोलीला तक्तपोशी नसली तरी बांबूचा तट्टा ठोकून वर अंथरता येतील. प्रणालीनं सगळं नीट ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्याचं दिसत होतं.

"काका, पण ती गादी गरम करत नाही ना. असलेली ऊब फक्त धरून ठेवते. तुमच्या खोलीत ऊब आणणारं काही नाहीच, मग धरून काय ठेवणार?"

"गॅस हाय ताई. दोन मानसांचं आंग हाय. तेवढं धरलं तरी पुरते."

"आणि त्या गाद्या मी परत केल्या. दुकानदारानं घेतल्या, नवीन होत्या. हीटर दिला असता, पण मागची वायरिंग जुनी आहे, पेट घेईल. नाताळाला सगळ्या खोल्या भरल्यात, आता कारागीर कुठून आणू? उन्हाळ्यात बघू या. नक्की. काकूंना तोवर खाली पाठवता येणार नाही का?"

खाली म्हणजे अकोल्याला, गीतांजलीकडं. लेकीच्या सासरी, दोन खोल्यांत, सासू-सासऱ्यांच्या नजरेसमोर. आणि घराच्या मागं दोन गल्ल्या सोडून जिनिंग, नोव्हेंबर ते मार्च रात्रंदिवस चालणारं. ज्या धुळीतून त्यानं बायकोला वर आणलं होतं, तिथंच.

दुसऱ्या दिवशी प्रणाली बाजारात गेलेली असताना तो सुरी घेऊन पोटमाळ्यात गेला. स्वयंपाकघराच्या वरची गादी त्यानं उचलली. खाली फेस वाळून कडक झाला होता. सुरी घातली की एक हात फट मोकळी होणार होती. त्यानं सुरी टेकवली. फट उघडल्याचं प्रणालीला कळलं असतं. कळलं असतं तर खोलीही गेली असती. हे सगळं खरं होतं. पण हात थांबला तो त्या भीतीनं नाही. आपणच भरलेला तो सांधा इतका एकसारखा, इतका बेमालूम होता की तो फाडावासा वाटेना. हे त्यानं पुढं कुणालाच सांगितलं नाही.

नाताळाच्या आधी इंदूबाई परतवाड्याच्या गाडीत बसली. तिथून अकोल्याची गाडी. खिडकीतून ती म्हणाली, "पोरीच्या सासूपुढे खोकलाबी दाबून ठेवा लागते. तुमी आपले सांभाळून राहा. टोपी घालत जा." जानेवारीत गीतांजलीचा फोन आला. माय रात्री बसून काढते, सरकारी दवाखान्यात दोनदा नेलं, सासूबाई म्हणाल्या की किती दिवस. "बाबा, तिले वर न्या नाई तं काई करा," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात बंडूसेठ आले. परतवाड्याचे लॉजवाले. त्यांनीही पलीकडच्या टेकडीवर तसलाच बंगला घेतला होता आणि प्रणालीकडं दोन दिवस राहून ते खूश होऊन गेले होते.

"तुमीच केलं म्हनते हे काम," ते म्हणाले. "माह्या बंगल्याले बी करून द्या. बोला, काय घ्यान?"

धर्मपाल त्यांच्या गाडीत बसून बंगला पाहायला गेला. तेच पत्रे, तीच तक्तपोशी. त्यानं बंगल्याला मागून वळसा घातला. छपराच्या शेवटाला एक खोली होती. दारात वाळत घातलेली लहान मुलाची लंगोटी.

"मागं कोन राहते सेठ?"

"पुंजाराम, चौकीदार. बायको हाय, दोन म्हयन्याचं लेकरू हाय. काहून?"

धर्मपालनं उघड्या दारातून आत, वर पाहिलं. तक्तपोशी नव्हती. भिंतीवरून काळोख खोलीत उतरत होता.

"त्याच्या खोलीवर बी गादी टाका लागन सेठ."

"अरे, त्याले काय होते? ह्या पहाडातलाच हाय तो." बंडूसेठ हसले. "बंगल्याचं बोला."

अंगणात उन्हाला बसलेली बाई लेकराला पाजत होती. पुंजाराम आतून खुर्ची घेऊन आला, ती फडक्यानं पुसली आणि धर्मपालपुढं ठेवली. "बसा भाऊ. चहा ठेवतो."

धर्मपाल बसला नाही.

"मजुरी नको," तो बंडूसेठला म्हणाला. "चार गाद्या जास्तीच्या मागवा. थ्या मले लागतात. घरी न्याच्या हायेत."

"बस, एवढंच? मंग सोमवारी लागा कामाले."

पुंजारामनं कपबशी आणली. धर्मपालनं ती घेतली. चहा गोड होता आणि चांगला गरम होता. तो उभ्यानंच प्याला, मग खिशातून टेप काढली, तिचं एक टोक पुंजारामच्या हातात दिलं आणि त्याला ते बंगल्याच्या भिंतीशी धरून उभं राहायला सांगितलं.