चेअरमन अण्णांना गोठ्याबाहेर काढलं

कमलकाकूंची गाय कुशीत मान घालून बसली होती आणि गोठ्यात निम्मी आळी बोलत होती. आदल्या दिवशी व्यायलेली जर्सी. कान गार, डोळे मंद. मिल्क फिवर. नावात फिवर असला तरी ताप नसतो. व्यायल्यावर अंगातलं कॅल्शियम दुधात उतरतं, रक्तात कमी पडतं आणि गाय उठेनाशी होते. उपाय म्हणजे शिरेतून कॅल्शियम. पण ते सावकाश सोडायचं, छातीला स्टेथोस्कोप लावून. घाई झाली तर हृदय बंद पडतं आणि गाय डोळ्यांदेखत जाते.

आता मी, दूध संघाच्या डॉक्टरने, ठोके ऐकायचे कसे? एक जण गूळ पाजा म्हणत होता, दुसरा उंब्रजच्या कुठल्याशा डॉक्टरची थोरवी सांगत होता. गावच्या डेअरीचे चेअरमन अण्णा फोनवर, तोही स्पीकर लावून. माझ्या कानात सगळे आवाज सारख्याच जोराने शिरतात, एकही मागे राहत नाही. मी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. कुणी हललं नाही.

मग ओरडले, "अण्णा, तुम्हीपण. फोन घेऊन बाहेर."

सगळे गेले, गाईचं डोकं धरायला काकू तेवढ्या राहिल्या. गाय तासाभरात उठली. मी हात धुतले, चहा नको म्हणाले आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी दूध संघाच्या ऑफिसातून बोलावणं आलं. आमचे मॅनेजर जगताप साहेब भला माणूस, पण चेअरमन लोकांना टरकून असतात. तक्रार नुसत्या ओरडण्याची नव्हती. मॅडम कुणाच्यात चहा घेत नाहीत, तोंडाकडे बघत नाहीत, लग्नाला येत नाहीत, लय मानी हायत. साहेबांचा तोडगा तयार होता. अण्णांची माफी मागा, नाहीतर रूट सोडून ऑफिसात बसा. रूट म्हणजे डॉक्टरला वाटून दिलेली गावं. ऑफिसात जनावर नाही, नुसती माणसं. माझ्यासाठी ती काळ्या पाण्याची शिक्षा.

"काम चुकलं असेल तर माफी मागते. चुकलं का?"

"काम नाही हो मॅडम. पण माणसात राहायचं तर जरा..."

हे 'जरा' मी शाळेपासून ऐकतेय. जरा हस, जरा मिसळ. पुष्कळ वर्षं मिसळायची नाटकं केली आणि घरी येऊन अंधार करून पडले. एकटेपणा त्याने तसूभर कमी झाला नाही, उलट वाढला. तिशी उलटल्यावर पुण्यात एका डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, ऑटिझम. आजार नाही, मेंदूची घडणच वेगळी. मी तिथेच रडले, सुटल्यासारखं वाटून.

संध्याकाळी गावात गेले, माफी मागायला नाही, सांगायला. डेअरीवर दूध घालायला रांग लागली होती. सगळ्यांसमोर म्हणाले की माझा मेंदू असा आहे आणि मी तो बदलणार नाही. पुन्हा गाय अशी बसली तर पुन्हा सगळ्यांना बाहेर काढेन. रूट घ्यायचा तर घ्या, पण कारण खरं सांगा, की मॅडम चहा पीत नाहीत.

एका म्हाताऱ्याने काळजीने विचारलं, "आवं मॅडम, ह्ये दुसऱ्याला लागतंय काय?"

"नाही."

"मग आमची काय हरकत न्हाई."

अण्णा वहीत दुधाचे आकडे लिहीत राहिले. तेवढ्यात रांगेतून किटली घेऊन कमलकाकू पुढे आल्या.

"अण्णा, गाय माजी हाय. तुमी समदी भाईर गेला ते मला लय बरं वाटलं. मालक गेल्यापास्नं जो येतोय त्यो बोलूनच जातोय. ही मॅडम एकटीच माज्याजवळ गप बसली."

"ऱ्हाऊ द्या मग मॅडमचा रूट," म्हणून अण्णा दुधाच्या मापाकडे वळले. माफी त्यांनी मागितली नाही, मीही नाही. आमची फिटंफाट झाली.

आता त्या गावचा फेरा संपला की मी काकूंच्या गोठ्यात डबा खाते. त्या वैरण टाकतात. कधी एखादं वाक्य होतं, कधी तेही नाही. मला पहिली मैत्रीण मिळाली ती अशी, आईपेक्षा मोठी. दोघी बोलता तरी काय, असं लोक विचारतात. मी त्यांना दावणीकडे बघायला सांगते. गाई दिवसभर एकमेकींना खेटून उभ्या असतात, चकार शब्द नाही. त्यांना कुणी माणूसघाण्या म्हटल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.