पंप माझ्या मागे होता

थेट प्रक्षेपण सुरू करण्याआधी मी ऑफिसातल्या फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला. मध्येच घंटी वाजायला नको म्हणून. शंका विचारण्यासाठी मी पडद्यावर जो नंबर लावला होता, तो त्याच फोनचा होता.

अंबडला आमचा फवारणीचे पंप बनवायचा कारखाना होता. ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं, आणि मी विक्री खात्यातला असल्यामुळे त्याचं महत्त्व सगळ्यांच्या आधी मला कळलंय, अशी माझी समजूत होती. त्या हंगामात नव्या पंपाचा वॉल्व्ह गळायला लागला. दुरुस्ती सोपी, स्प्रिंग काढायची आणि आतला वॉशर उलटा बसवायचा. पण हे सटाण्या-कळवणच्या डीलरांना शिकवायचं म्हणजे मांडीवर पंप घेऊन एसटीने हिंडणं आलं. हिंडणारा मी. कंडक्टर माझ्याआधी पंपाकडे बघायचे.

म्हणून मालकांना म्हटलं, "इंटरनेटवरून एकदाच दाखवू. सगळे एका वेळी बघतील."

मालक म्हणाले, "जमलं तर तुमचं फिरणं बंद. नाही जमलं, तर तुम्ही आणि तुमची एसटी."

आता एवढ्या मोठ्या बक्षिसासाठी माणूस तयारी करणारच. शेजाऱ्याचा टाय आणला, बायकोची पावडर लावली. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाईंनी विचारलं, "कॅमेरा पंपावर लावू?"

"पंप सगळ्यांनी पाहिलाय हो," मी म्हणालो, आणि खुर्ची ओढून कॅमेऱ्यासमोर बसलो. पंप मागच्या टेबलावर.

बोलायला लागलो आणि पाचच वाक्यांत अडखळलो. सटाण्यात दुकानात बोलताना कुणीतरी 'हं' म्हणतं, कुणी मध्येच चहा सांगतं, कुणी सरळ भांडतं. इथे समोर एक काळी काच. ती मान डोलावत नव्हती, जांभईसुद्धा देत नव्हती. पलीकडे माणसं आहेत की सगळे उठून गेलेत, काही कळेना. मी जोरात बोललो, मग भरभर बोललो, टायची गाठ सैल केली, पुन्हा घट्ट केली. "ऐकताय ना?" असं काचेला विचारलं. मग मागे वळून पंपाशी खटपट केली आणि म्हणालो, "हा असा काढायचा, हा असा बसवायचा." बाई कॅमेऱ्यामागून सारख्या माझ्या पाठीकडे बोट दाखवत होत्या. मला वाटलं, पोक काढून बसलोय. मी ताठ बसलो.

शेवटी म्हणालो, "एकही फोन आला नाही, म्हणजे सगळ्यांना समजलेलं दिसतंय," आणि नमस्कार केला.

रिसीव्हर जागेवर ठेवला, तोच घंटी वाजली. सटाण्याचे डीलर. सायबर कॅफेतून बोलत होते.

"साहेब, पंप कोठे शे?"

"कुठला पंप?"

"तुमच्या मागं व्हता तो. तुम्ही म्हणले, स्प्रिंग काढा. आम्ही काढली. गिऱ्हाइकांचे पंप उघडून बसलो ना इथं. मग म्हणले, असं बसवा. आम्हाला दिसलं तुमचं कोपर. घंटाभर फोन लावतोय, नुसता एंगेज. आता हे लोक डाळिंबाची फवारणी सोडून माझ्या उरावर बसलेत. सगळे वॉल्व्ह टेबलावर सुटे पडेल हायेत."

मालक दारातच उभे होते. म्हणाले, "पहिली गाडी किती वाजता असते?"

दुसऱ्या दिवशी सटाण्यात दुकानासमोर ताडपत्री टाकून मी पंप जोडत बसलो. भोवती शेतकऱ्यांचं कडं. सगळे एकदम विचारत होते, एकाने तर पंप माझ्या हातातून हिसकावून स्वतःच वॉशर बसवला आणि बरोबर बसवला. काम आटोपल्यावर मी डीलरांना मालकांचा निरोप दिला. प्रक्षेपण चालूच राहणार होतं. पण आता ते बाई करणार, आणि पडद्यावर फक्त पंप आणि हात दिसणार.

"माझं फिरणं मात्र तसंच," मी म्हणालो. "निदान सुरुवातीला दोन मिनिटं तरी मला दाखवायला हवं होतं, नाही का? ओळखीचा चेहरा."

डीलरांनी हात पुसत माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"साहेब, तुमचं तोंड पाहून आजवर कुणी पंप घेयेल नाय."