दाराशी टांगलेल्या पाट्या

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी दाराशी एक फळी आहे. तिच्यावर तीन खिळे आणि तीन सागवानी पाट्या: बाबांची, आईची, माझी. पिवळी बाजू दिसली की माणूस घरात, लाल दिसली की बाहेर. नेव्हीतून रिटायर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात बाबांनी ती स्वतः रंधा मारून केली. जहाजावर म्हणे अशीच फळी असते. किनाऱ्यावर उतरताना आपली पाटी उलटवायची, परतल्यावर सुलट करायची. जहाज सुटण्याआधी कळतं, कोण मागे राहिलं.

आता रायपुरात समुद्राचं कौतुक कोणाला? गल्ली बाबांना 'फौजी भैया' म्हणायची आणि बाबा दर वेळी न कंटाळता सांगायचे, "फौजी नहीं, नेव्हीवाला." पानवाला विचारायचा, "भैया, बूढ़ा तालाब में जहाज चलाते थे क्या?" बाबा म्हणायचे, "हव, तभी तो इतना गहरा है." जहाजाच्या इंजिनात आयुष्य काढलेला माणूस, पण कधी तोरा म्हणून नाही.

तोरा मलाच होता. कॉलेजात असताना त्या फळीचा मला भयंकर राग यायचा. मैत्रिणी विचारायच्या, "तेरे घर में अटेंडेंस लगती है?" एकदा मी मुद्दाम पाटी न उलटवता सिनेमाला गेले. परत आले तर बाबा घामाघूम होऊन पायरीवर बसलेले. गच्चीपासून मागच्या विहिरीपर्यंत सगळं शोधून झालं होतं. उलट मीच ओरडले, "हे घर आहे बाबा, जहाज नाही!"

ते रागावले नाहीत. म्हणाले, "तुह्या आईनं पंधरा वर्षं काढली. मी कोण्या समुद्रात आहो, हे तिले माहीत नसे. तू व्हायच्या वेळेस तीन महिने माह्यं पत्र नाही आलं. आता या घरातून कोणी न सांगता जाणार नाही. मी तर नाहीच."

मग माझ्या लक्षात आलं. फळीवर सगळ्यात जास्त झिजलेली पाटी बाबांचीच होती. कोथिंबीर आणायला कोपऱ्यावर गेले तरी ते पाटी लाल करून जायचे. आई स्वयंपाकघरातून नुसती मान बाहेर काढून फळीकडे बघायची आणि पुन्हा पोळ्या लाटायला लागायची. त्या दिवशी मी मनातल्या मनात बाबांना सॅल्यूट ठोकला. आजही ठोकते.

लग्न होऊन मी गावातच शंकर नगरला आले, तरी माझी पाटी त्यांनी काढली नाही. माहेरी पाऊल टाकलं की आधी पाटी पिवळी करायची, मग पाणी प्यायचं.

गेल्या हिवाळ्यात सकाळच्या चहाला बाबांच्या छातीत दुखायला लागलं. मी पोचले तेव्हा ॲम्ब्युलन्स दारातच होती, तशीच त्यांच्यासोबत चढले. दवाखान्यात त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि मला विचारलं, "माही पाटी उलटवली?"

मी नव्हती उलटवली. त्या धावपळीत कोणाला सुचतं? पण मी म्हणाले, "हो बाबा."

त्यांनी डोळे मिटले. चेहरा एकदम निवांत झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

पुढचे दिवस तो 'हो' मला छळत राहिला. जन्मभर ज्यानं एक पाटी चुकीची ठेवली नाही, त्याला मी शेवटी खोटं सांगितलं होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं. कोणी पिशवी, कोणी स्वेटर असं सगळं त्या फळीलाच टांगलेलं. बाबा असते तर एकेकाला बाहेर काढलं असतं! मला मात्र ते बरंच वाटत होतं. फळीकडे बघावं लागत नव्हतं.

सगळे आपापल्या गावी परतल्यावर मी मन घट्ट केलं. शेवटची पिशवी काढली आणि बाबांच्या पाटीला हात घातला.

ती लालच होती.

आई मागे उभी होती. मी रडत रडत तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काहून रडतं? मी उलटवली ना, तुमची गाडी निघाल्यावर. स्ट्रेचरवरून बोटानं दाखवून राहिले होते, उलटव म्हणून."

मग पदरानं तिनं त्या पाटीवरची धूळ पुसली आणि ताठ मानेनं म्हणाली, "जन्मभर मले सांगून गेले. यावेळी बी सांगूनच गेले."