तू कंपनी, मी वीज

वहिनींचा फोन मला कधी येत नसे. काय हवं-नको ते साहेबच सांगायचे. त्यामुळे त्या दुपारी दोह्यात मुऐदरला गाडीचं ऑइल बदलून घेत असताना स्क्रीनवर त्यांचं नाव दिसलं, तेव्हा पहिल्याच रिंगला उचलला. "सुरेश, सावकाश ये. आता घाई करून उपयोग नाही," एवढंच म्हणाल्या… दातारसाहेब गेले त्याला दीड महिना होत आला. मी अजून सावकाशच चालवतोय.

मी संगमेश्वराकडचा. आमच्या गावाजवळ गरम पाण्याचं कुंड आहे. आठवीत शाळा सुटली, मग ट्रक, मग दोहा. साहेबांना घरच्या गाडीवर ड्रायव्हर हवा होता म्हणून बिन महमूद भागात त्यांच्या फ्लॅटवर गेलो, तेव्हा कागदांची पिशवी छातीशी धरून बसलो होतो. साहेबांनी कागद बघितलेच नाहीत. गाव विचारलं, आणि कुंडाचं नाव निघताच खुर्चीच्या टोकावर आले. "अंडं शिजतं का रे त्यात?" म्हटलं, "शिजतं साहेब. भात मात्र जरा कच्चा राहतो." "अगं, ऐकलंस का! भात कच्चा राहतो!" असं आत ओरडून त्यांनी मला नोकरी दिली. गाडी येते का, हे दुसऱ्या दिवशी वहिनींनी विचारलं.

साहेबांचा जन्म गॅसच्या विहिरी खणण्यात गेला. रिटायर व्हायला आले तेव्हा त्यांच्या डोक्यानं एकच घेतलं, जमिनीखालच्या उष्णतेवर वीज करायची आणि तीही आपल्या कोकणात. वारा पडतो, ऊन मावळतं, पृथ्वीचं पोट मात्र गरमच, असं ते सिग्नलला उभं असतानासुद्धा मला सांगत. अडचण एकच. पैसा सगळा आधी विहिरीत घालायचा, आणि खाली हवी तेवढी उष्णता निघालीच नाही तर तो गेला. म्हणून बँक दारात उभं करत नाही. पण भारतात कारखाने असलेल्या एखाद्या मोठ्या कंपनीनं "पंधरा वर्षं तुमचीच वीज घेऊ" असं लिहून दिलं, आणि विहीर फुकट गेली तर निम्मा भार सरकारनं उचलला, की तीच बँक चहा पाजते. ऑफिसनं साहेबांना सांगितलं होतं, अशी एक कंपनी आणा, मग सल्लागार म्हणून राहा. नाहीतर खलास, घरी नाशिकला. आणि माझा व्हिसा साहेबांच्याच नावावर. त्यामुळे पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेची माझ्याइतकी काळजी जगात कुणी केली नसेल.

मीटिंगा असायच्या द पर्लला, त्या श्रीमंतांच्या बेटावर. जाताना गाडीत तालीम. "तू कंपनी, मी वीज. विचार अवघड प्रश्न." मला अवघड प्रश्न सुचायचे ते एवढेच की आता घरी पाठवतील का. मी लगेच म्हणायचो, "घेतो साहेब. सगळी घेतो." साहेब चिडायचे. "अरे, असं गिऱ्हाईक जन्माला यायचंय अजून! भाव कर, नाक मुरड!" मग मी रस्त्याकडे बघत म्हणायचो, "महाग वाटते बुवा तुमची वीज." साहेब खूश. मागच्या सीटवर वहिनी असल्या की त्या सरकार. "सरकार, विहीर फुकट गेली तर?" वहिनी पिशवीतली कोथिंबीर निवडत म्हणायच्या, "फाईल ठेवून जा. पुढच्या आठवड्यात या." "अहो, लोक खड्ड्यात जातील तोवर!" "बरं, निम्मा खर्च माझा. पण आधी लुलू मार्केटवरनं गाडी वळवा, नारळ राहिलेत." साहेब मांडीवर थाप मारून म्हणायचे, "बघ कंपनी, ह्याला म्हणतात धोरण!" तेव्हापासून माझं नावच कंपनी पडलं. "यल्ला कंपनी, निघू या."

खऱ्या कंपन्या मात्र माझ्यासारख्या नव्हत्या. सगळ्यांना कल्पना आवडायची. खजूर द्यायचे, कॉफी द्यायचे, आणि लिफ्टपर्यंत सोडायला येऊन म्हणायचे, पहिलं कुणीतरी घेऊ दे, दुसरे आम्ही. साहेब गाडीत बसून पट्टा लावायचे. "कंपनी, आज आणखी एक दुसरा मिळाला." दुसऱ्यांची रांग लागली होती दोह्यात, पहिला कुणी होईना. मी एकदा भीत भीत म्हटलं, "साहेब, मी पहिला." खूप हसले. मग म्हणाले, "तुझा बल्ब एकच आहे रे…"

घरी पाहुणे आले की प्रयोग. जूनमध्ये इथे थंड पाण्याच्या नळाला हात लावता येत नाही, म्हणून सगळे गीझर बंद ठेवतात आणि त्याच्या टाकीतलं निवलेलं पाणी गरम नळातून घेतात. साहेब पाहुण्याचा हात धरून थंड नळाखाली न्यायचे. पाहुणा ओरडला की म्हणायचे, "बघा, फुकटची उष्णता!" आतून वहिनी, "अहो, ते गच्चीवरच्या टाकीचं ऊन आहे, पृथ्वीचं नाही!" साहेब, "तत्त्व तेच." कुणी चुकून गीझर लावू नये म्हणून बटणाच्या वर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी चिकटवली होती: सरकारच्या परवानगीशिवाय चालू करू नये.

गेल्या आठवड्यात वहिनी नाशिकला निघाल्या. मी खोकी बांधत होतो. व्हिसाचं विचारायचं होतं, पण ज्या घरातून माणूस गेला तिथं आपलं रडगाणं कसं गायचं… शेवटचं खोकं बांधून झाल्यावर त्यांनीच सांगितलं, मुऐदरला एक नाशिककर कुटुंब आहे, त्यांच्या नावावर माझे कागद करायला टाकलेत, साहेबांच्या ऑफिसमधून होकारही आलाय. मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. "असा काय बघतोस? विहीर फुकट गेली तर निम्मा भार सरकारचा, असं ठरलं होतं ना?"

मी हात धुवायला गेलो. गरम नळ सोडला. गार पाणी आलं, ते तोंडावर जरा जास्तच मारलं. मग पाटीचा कोपरा नखानं उचलायला लागलो, तर वहिनी दारात.

"राहू दे ती."

"वहिनी, नवे भाडेकरू केरळचे आहेत. त्यांना मराठी कुठं वाचता येणार?"

"नको येऊ दे," त्या म्हणाल्या. "पाटी बघून सरकार आहे इथं, एवढं कळलं तरी पुरे."

मी कोपरा अंगठ्यानं परत दाबून बसवला.